राउटर बंद करायच्या आधी

अगं, तुझं पार्सल सापडलं. ठाण्यात आहे, कासारवडवलीला, कुठल्याशा टॉवरच्या वॉचमनच्या टेबलाखाली. तू घाईघाईत पत्ता टाकलास ‘घोडबंदर’ आणि पिनकोडात ४०१च्या जागी ४०० दाबलंस. आता त्या पोराचा काय दोष? त्यानं ४०० पाहिलं, घोडबंदर वाचलं आणि स्कूटर ठाण्याकडे वळवली.

आपल्या गावाच्या नशिबी हे आहेच म्हणा. किल्ला इथं, खाडी इथं, पूर्वी अरबी घोडे उतरायचे असं सांगतात ते बंदरही इथं. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून घेतलं तेही हेच घोडबंदर. गाव मीरा-भाईंदर महापालिकेत, पण नावावर मजा मारतात ठाण्यातले टॉवर. जुन्या माणसांना विचार, वांद्र्याहून बोरिवलीकडे जाणारा एस. व्ही. रोड आहे ना, त्यालाही आधी घोडबंदर रोडच म्हणायचे. आणि आपल्या वरसाव्याच्या पुलाचं तर काय बोलावं! इंग्रजीत ‘वर्सोवा ब्रिज’ लिहितात, आणि नवखा माणूस अंधेरीच्या समुद्राकडे बघत बसतो. एक नाव, तीन दावेदार. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

काल रात्री तू फोनवर रडायच्या बेतात होतीस. नोकरीला लागून दीड महिना झाला नाही, तेवढ्यात अकाउंट्सच्या खोलीतल्या चार मशीनना बिलिंगचं मशीन दिसेनासं झालं, नेट मात्र चालतंय, राउटर रिस्टार्ट केला की कधी जमतं कधी नाही. आणि साहेबांनी तुला काय सांगितलं? ‘रोज सकाळी आल्या आल्या राउटर रिस्टार्ट करून ठेवत जा.’ तू मान डोलावलीस. तिथं मला राग आला. साहेबांचा नाही, तुझा. त्यांचं काम बिलं काढण्याचं आहे, त्यांना काय कळणार. तुला कळायला हवं.

रिस्टार्टनं बरं वाटतं, हे खरं आहे. मीही केलंय, शेकडो वेळा केलंय. पण त्यात होतं काय ते सांगते. राउटर उठतो तेव्हा ‘मी आलोय’ म्हणून साऱ्या लॅनवर जाहीर करतो, लोकांची मशीन आपापल्या याद्या दुरुस्त करून घेतात, काहींना नवे पत्ते मिळतात. म्हणजे कुठंतरी काहीतरी चुकीचं टिपून ठेवलेलं होतं, ते पुसलं गेलं. कुठं आणि काय, ते मात्र त्याबरोबरच गेलं. दुपारी परत तेच होणार आणि तू परत रिकाम्या हातानं उभी राहणार. म्हणून बंद करायच्या आधी एक मिनिट मागून घे. साहेब मागं उभे असले तरी घे. त्या एका मिनिटात काय बघायचं, तेच आज सांगायचंय.

बघ, लॅनमध्ये अडतं ते बहुतेक वेळा दोनच प्रश्नांवर. एक, ‘आपल्या गल्लीत हा कोण?’ आणि दुसरा, ‘गल्लीबाहेर जायचं तर कुठल्या दारानं?’ पहिला एआरपीचा, दुसरा राउटिंगचा. माणसं हे दोन्ही एकात कालवतात आणि मग दिवसभर वायर हलवत बसतात.

पहिला घे. तुझ्या मशीनला १९२.१६८.१.२० कडे काही पाठवायचंय. स्विचला हा आयपी समजत नाही. त्याला समजतो तो कार्डाचा मॅक पत्ता, ४८ बिटांचा. आयपी पडला ३२ बिटांचा. एकातून दुसरा काढायचं कुठलंही गणित नाही, तेव्हा विचारणं भाग आहे. मग मशीन अख्ख्या गल्लीला हाक मारतं, ‘.२० कोण आहे?’ हाक सगळ्यांना जाते, उत्तर मात्र .२० एकटाच देतो, तेही विचारणाऱ्याच्याच कानात: ‘मी, आणि माझा मॅक हा असा.’ तो मॅक तुझं मशीन टिपून ठेवतं. ही रीत डेव्हिड प्लमर नावाच्या माणसानं नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून काढली, आरएफसी ८२६ म्हणून. चाळीस वर्षं उलटली, तुझ्या ऑफिसात आजही तीच चालते. तिच्यात एक भोळेपणा आहे. उत्तर देणाऱ्याला कोणी ‘कशावरून?’ असं विचारत नाही. जो ‘मी’ म्हणेल तो खरा.

विंडोजच्या काळ्या खिडकीत एआरपी, मग जागा सोडून डॅश आणि ए, एवढं टाईप केलंस की ती टिपणं समोर येतात. लिनक्सवर ‘आयपी नेबर’. हे टिपण फार काळ टिकत नाही. हल्लीचं विंडोज आणि लिनक्स अर्ध्या मिनिटाच्या आसपासच त्याच्याकडे संशयानं बघायला लागतात आणि गरज पडली की पुन्हा खात्री करून घेतात. सिस्कोचे राउटर मात्र, कोणी बदललं नसेल तर, चार-चार तास तेच धरून बसतात. एखादं मशीन बदललंस, आयपी तोच ठेवलास आणि सगळ्यांना दिसतंय पण राउटरपलीकडून दिसत नाही, असं झालं तर हे चार तास आठव.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. पिंगला उत्तर आलं नाही की लोक म्हणतात मशीन मेलं. साफ खोटं. विंडोजची फायरवॉल पिंग गिळून टाकते, पण एआरपीच्या हाकेला ती मशीनला गप्प बसवत नाही. म्हणून पिंग कर, उत्तर न येऊ दे, आणि लगेच ती यादी बघ. समोरच्या आयपीपुढं मॅक आलेला असेल तर मशीन जिवंत आहे, वायर ठीक, स्विच ठीक. वरचं काहीतरी अडलंय, फायरवॉलकडे जा. मॅक आलाच नसेल, तर फायरवॉलमध्ये डोकं घालू नकोस. हाकच पोहोचली नाही. वायर, स्विचचं पोर्ट, चुकीचा व्हीलॅन, नाहीतर वायफायवर पाहुण्यांसाठी ठेवलेली ती सोय, जिच्यात एकाला दुसरा दिसत नाही. निम्मं काम इथंच संपतं.

पिंगवरून आठवलं. माइक म्यूस म्हणून अमेरिकेतला एक माणूस, डिसेंबर १९८३ मध्ये अशाच एका अडलेल्या नेटवर्कपायी त्यानं ते एका रात्रीत लिहिलं. पाणबुडीच्या सोनारचा तो ‘पिंग’ आवाज, त्यावरून नाव. कंटाळून घरी गेला असता तर आपल्याकडे काय असतं, कोण जाणे.

आता माझी फजिती ऐक, तुला बरं वाटेल. काशिमीऱ्याला एक गाळा होता, पॅकिंगचं काम चालायचं, पंचवीसेक मशीन. तिथं दुपारी नेट जायचं. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. कधी सगळ्यांचं, कधी फक्त चौघांचं. राउटर रिस्टार्ट केला की सुरळीत. मी दोन राउटर बदलले गं! मालकाचे पैसे घालवले. लाइनवाल्याशी भांडले, तो म्हणाला मॅडम आमच्याकडून ओके आहे, आणि त्याचं खरं होतं.

शेवटी एका दुपारी नेट गेलं तेव्हा राउटरला हातच लावला नाही. त्याआधी लाइट एक झटका देऊन आली होती, तेवढं लक्षात होतं. लॅपटॉपवर यादी काढली. गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, राउटरच, १९२.१६८.१.१, त्याच्यापुढचा मॅक बघितला, आणि सकाळी वहीत लिहून ठेवलेला मॅक बघितला. वेगळे. पार वेगळे. दुसरा कोणीतरी ‘मीच .१’ म्हणत होता.

मॅकचे पहिले सहा आकडे-अक्षरं कार्ड बनवणाऱ्या कंपनीची असतात, शोधलं की नाव निघतं. निघालं ते कॅमेऱ्यांच्या कंपनीचं. पोटमाळ्यावर डीव्हीआर होता, चहाच्या ओट्याच्या वर, धुळीनं माखलेला. बसवणाऱ्यानं गेटवेच्या खान्यात टाकायचा .१ पत्त्याच्या खान्यात टाकला होता. राउटर यूपीएसवर होता, डीव्हीआर नव्हता. लाइट गेली-आली की राउटर जागचा हलायचा नाही, डीव्हीआर मात्र नव्यानं उठायचा आणि सगळ्यांना ओरडून सांगायचा की .१ मी. सगळी मशीन भोळी, त्याच्याकडे डेटा पाठवायला लागायची. त्याला तो डेटा घेऊन करायचंय काय? मग मी राउटर रिस्टार्ट करायचे, तो ओरडून सांगायचा, नाही नाही, मी. झालं सुरळीत. दोन राउटर बदलूनही आजार तसाच, कारण आजार राउटरला नव्हताच. घोडबंदर एकच, पार्सल ठाण्याला.

पत्ता बदलायला दोन मिनिटं लागली. खाली येऊन मालकाला सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे राउटर चांगले होते?’ मी म्हटलं, हो. पुढं ते काही बोलले नाहीत, आणि मीही नाही.

मॅक ताडून बघताना दोन गोष्टी सांभाळ. राउटरच्या स्टिकरवरचा मॅक आणि यादीतला मॅक यांत शेवटच्या एका आकड्याचा फरक असला तर दचकू नकोस. राउटरला लॅनचा वेगळा, वायफायचा वेगळा, बाहेरच्या लाइनचा वेगळा मॅक असतो आणि ते बहुधा शेजारी शेजारी असतात. दुसरं, फोनच्या मॅकवरून कंपनी शोधत बसू नकोस. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन वायफायला खोटा मॅक देतात. ओळखायची खूण आहे: डावीकडून दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई दिसलं की तो बनवलेला मॅक. प्रिंटरला हातानं दिलेला आयपी कुणाच्या फोनला मिळाला की प्रिंट जातं त्या फोनकडे, आणि तिथं ही खूण कामाला येते. प्रिंटर, बिलिंगचं मशीन, डीव्हीआर, ज्यांना पत्ता हातानं दिलास ते सगळे डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप होणाऱ्या पत्त्यांच्या वाटपाच्या, बाहेरचे ठेव. ५० ते २०० वाटायला ठेवलेस तर हातानं द्यायचे ते २०० च्या पुढं. लोक हे करत नाहीत. का करत नाहीत, मला अजून कळलेलं नाही.

आणि १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर पुढं काही बघूच नकोस. मशीननं पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून बिचाऱ्यानं स्वतःच एक घेतलाय. वायर बघ, डीएचसीपी बघ.

आता पिंगची उत्तरं वाचायला शीक. लोक फक्त ‘आलं’ नाहीतर ‘नाही आलं’ एवढंच बघतात. विंडोज ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ म्हणतं तेव्हा ते कोणाच्या नावानं म्हणतंय ते बघ. त्या ओळीत तुझाच आयपी असेल, तर हाक तुझ्या गल्लीतच मारली होती आणि कोणी ओ दिली नाही. गेटवेचा आयपी असेल, तर तुझं सामान गेटवेपर्यंत नीट पोहोचलंय, पुढची वाट त्याला सापडत नाही किंवा पलीकडच्या गल्लीत त्यानं मारलेली हाक वाया गेली. आणि ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे पाठवलं, पण परत काहीच आलं नाही. ह्या तिसऱ्यात एक गंमत असते. कित्येकदा जाणारं सामान अगदी बरोबर पोहोचलेलं असतं. पलीकडच्याला तुझ्याकडे परतायची वाट ठाऊक नसते. त्याच्या मशीनवर गेटवे लिहिलेलाच नाही, किंवा भलताच लिहिलाय. आपण जातानाचीच वाट तपासत राहतो. संध्याकाळी वसईहून वरसाव्याच्या पुलावरून घरी येणाऱ्या माणसाला विचार, सकाळी जाताना रस्ता कसा होता यावरून काही कळतं का.

मास्कचं सांगायचं राहिलंच. हे नवख्यांना सगळ्यात जास्त नाचवतं. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन आकडे जुळले की तो माझ्या गल्लीतला. एकानं चुकून २५५.२५५.०.० टाकलं, की त्या मशीनला १९२.१६८.२.३० हासुद्धा आपल्याच गल्लीतला वाटतो. मग ते गेटवेकडे जातच नाही, जागेवरून हाक मारत बसतं. किल्ल्याच्या टेकाडावर उभी राहून पलीकडचा वसईचा काठ बघितलास की कसं वाटतं? हाक मारली तर ऐकू जाईल. जात नाही. मधे खाडी आहे, पुलावरूनच जावं लागतं. त्या मशीनला खाडी दिसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि ह्यातलं सर्वांत वाईट रूप ठाऊक आहे? कधी कधी चुकीच्या मास्कनंही सगळं चालतं. काही राउटर अशा हाकेला दुसऱ्याच्या वतीनं ओ देतात, ‘मला दे, मी पोहोचवतो’. प्रॉक्सी एआरपी म्हणतात. सात वर्षं चुकीचा मास्क घेऊन मशीन सुखानं चालतं, मग तू नवा राउटर लावतेस, तो असली परोपकाराची कामं करत नाही, आणि सगळे म्हणतात ‘ही आल्यापासून बिघडलं’. तेव्हा राउटर बदलायच्या आधी मास्क बघून घेत जा, हे माझं अगदी हात जोडून सांगणं.

आता दुसरा प्रश्न, दाराचा. आपला पिनकोड आठव. १५ ऑगस्ट १९७२ ला तो आला, आणि बसवला कोणी, तर श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. केंद्रात दळणवळण मंत्रालयात अधिकारी, आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा ४, म्हणजे महाराष्ट्राकडचं सामान. ४०० वाचलं की मुंबई-ठाणे, ४०१ वाचलं की आपली बाजू. दिल्लीतल्या माणसाला घोडबंदरचं नावही ठाऊक असायची गरज नाही. तो पहिला आकडा वाचून गठ्ठा इकडं ढकलतो. जसजसं सामान जवळ येतं, तसतसे पुढचे आकडे वाचले जातात. राउटिंग टेबल नेमकं हेच करतं. जास्तीत जास्त आकडे जिथं जुळतील ती वाट घ्यायची, काहीच नाही जुळलं तर ०.०.०.०, म्हणजे डिफॉल्ट गेटवे, ‘बाकी सगळं ह्या दारानं’. वेलणकरांनी मांडणी केली तेव्हा इंटरनेट जन्मालाही आलं नव्हतं. शाळेत कोणी सांगत नाही आपल्याला.

‘जास्त आकडे जुळतील तो जिंकतो’ ह्या नियमाची ताकद बघायची तर २४ फेब्रुवारी २००८ चा दिवस बघ. पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या पत्त्यांतला एक छोटा तुकडा ‘इकडं आणा’ म्हणून जाहीर केला, आणि ती जाहिरात चुकून देशाबाहेर गेली. यूट्यूबनं स्वतः जाहीर केलेला तुकडा मोठा होता, म्हणजे कमी आकडे जुळणारा. छोटा जिंकला. दोनेक तास जगातल्या पुष्कळ लोकांसाठी यूट्यूब पाकिस्तानातल्या एका बंद दारावर जाऊन आपटत होतं. पोटमाळ्यावरच्या माझ्या डीव्हीआरचाच मोठा भाऊ, दुसरं काय.

तुझ्या मशीनवर हे टेबल बघायचं तर ‘राउट प्रिंट’, लिनक्सवर ‘आयपी राउट’. त्यात पहिलं बघायचं ते ०.०.०.० च्या ओळी किती आहेत. एक असावी. लॅपटॉपला वायर लावलीय आणि फोनचा हॉटस्पॉटही चालू आहे, तर दोन असतात, आणि ज्याचं मेट्रिक कमी त्या दारानं सगळं जातं. विक्रीवाल्या पोरांचं ‘नेट चालतं पण सर्व्हर दिसत नाही’ हे दहातलं निदान पाच वेळा एवढ्यावरच निघतं. हॉटस्पॉट बंद करायला सांग, आणि कुणाला काही बोलू नकोस, पोरं ओशाळतात.

दुसरं घरून काम करणाऱ्यांचं. लॉकडाऊनमध्ये मी ह्यानं वेडी झाले होते. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१, घरच्या राउटरचंही १९२.१६८.१, कारण खोक्यातून काढलेला राउटर बहुधा हेच नाहीतर १९२.१६८.० घेऊन येतो. व्हीपीएन जोडलं, सर्व्हर १९२.१६८.१.१०. मशीन म्हणतं, हा तर माझ्याच घरातला! आणि हॉलमध्ये हाक मारतं. तिथं .१० म्हणजे टीव्ही. आता हे आकडे कोणी कोणाला विकत देत नाही, खाजगी वापराला फुकट सोडलेले आहेत, फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. एवढं मोठं रान मोकळं असताना सगळे एकाच झाडाखाली बसतात. कधी नवं ऑफिस तुझ्या हातानं उभं राहिलं तर १०.७३.४४ असलं काहीतरी आडवळणाचं घे. पुढच्या वर्षी मला दुवा देशील.

लूपचं थोडक्यात सांगते. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी लोंबणारी वायर बघतं आणि नीटनेटकेपणानं तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचतं. एक हाक गोल गोल फिरत राहते, संपतच नाही. स्विचचे सगळे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे लुकलुकतात. असं दिसलं की कंप्युटरकडे जाऊच नकोस, वायरी बघ. रेडिया पर्लमन नावाच्या बाईनं १९८५ मध्ये ह्यावर उपाय शोधला, स्पॅनिंग ट्री. चांगल्या स्विचमध्ये तो असतो, स्वस्तातल्यात नसतो. ‘बाईचं काम नाही’ असं तुला पहिल्यांदा कोणी म्हणेल ना, तेव्हा तुझ्या हातातली वायर ज्या स्विचमध्ये जाते, त्यात एका बाईचं डोकं आहे एवढं मनात आण. तोंडानं बोलायची गरज नाही.

म्हणणार तर आहेतच. मला टेबलाखालून बाहेर येताना बघून ‘मॅडम, कोणी जेन्ट्स नाही का आलं?’ असं विचारलेलं आहे. पूर्वी मी चिडायचे. आता ओढणी घरी ठेवते, पँट घालते, डोक्याला छोटा टॉर्च लावते आणि म्हणते, ‘आलेत ना, मीच.’ एक मात्र शिकले. ‘मला वाटतं’ नं वाक्य सुरू करायचं नाही. ‘दोन वाजून दहाला गेटवेचा मॅक हा होता, सकाळी हा होता’ असं म्हटलं की लाइनवालाही आवाज खाली करतो. त्यासाठी वही हवी. फोनमधली नाही, कागदाची, कारण नेट गेलेलं असतं तेव्हा क्लाउडमधली वही उघडत नाही, हसू नकोस, माझं झालंय तसं. चांगल्या दिवशी, काही बिघडलेलं नसताना, गेटवेचा मॅक, सर्व्हरचा मॅक, दोन-चार मशीनचे पत्ते आणि मास्क, राउट टेबल, सगळं लिहून ठेव. आजारी माणसाचा ताप मोजून काय उपयोग, बरा असताना किती असतो ते ठाऊक नसेल तर.

आणि एक. रात्री नऊनंतर ‘जरा येऊन बघ’ म्हटलं तर एकटी जायचं नाही. लॅन सकाळपर्यंत थांबते.

आता तुझ्या त्या चार मशीनकडे येऊ. माझा संशय मी सांगते, पण तू तो खरा धरून जाऊ नकोस. त्या खोलीत भिंतीला एकच पॉइंट असणार आणि मशीन चार. कोणीतरी घरचा जुना राउटर आणून स्विच म्हणून लावला असेल. कपाटामागं बघ. तसं असेल तर तो दोन तऱ्हांनी छळतो. भिंतीची वायर त्याच्या वॅनच्या भोकात असेल, तर त्यानं आत आपली वेगळी गल्ली केलेली असते. चौघांचे पत्ते बाकीच्या ऑफिसापेक्षा निराळे दिसतील. नेट चालेल, पण बिलिंगचं मशीन नावानं सापडणार नाही, कारण नावाची हाक त्या खोक्याच्या भिंतीबाहेर जात नाही. आयपी टाकून बघ, सापडण्याचा संभव आहे. आणि वायर लॅनच्या भोकात असून त्याचं डीएचसीपी चालू राहिलं असेल, तर गल्लीत पत्ते वाटणारे दोघे झाले. जो आधी बोलेल त्याचा पत्ता. मग कधी जमतं, कधी नाही, आणि रिस्टार्ट म्हणजे नुसतं नाणं उडवणं.

तिथं खोकं नसेलच, तर बिलिंगच्या मशीनचा आयपी दुसऱ्या कोणाकडे आहे का बघायचं. त्याला एक सोपी युक्ती: बिलिंगच्या मशीनची वायर दोन मिनिटं काढ, आणि दुसऱ्या मशीनवरून त्याच्या आयपीला पिंग करून यादी बघ. दहा सेकंदांत नाही, जरा थांबून. वायर काढलेली असताना त्या आयपीपुढं नवा मॅक आला, तर चोर सापडला. पण हे जेवणाच्या सुट्टीत कर, आणि अकाउंट्सवाल्यांना आधी सांग. बिल अर्धं झालेलं असताना वायर काढलीस तर मी वाचवायला येणार नाही.

उद्या सकाळी राउटरला हात लावू नकोस. साहेबांना सांग, ताईनं एक दिवस मागितलाय, माझं नाव घे. चारांतल्या एका मशीनवर बस, आयपी, मास्क आणि गेटवे वाच; मग बाहेरच्या खोलीतल्या चालणाऱ्या मशीनवर तेच तीन वाच. दोन्ही मला फोनवर सांग, मी इकडं लिहून घेते. बिलिंगच्या मशीनचा मॅक दोन्हीकडे सारखा दिसतो का, तेही. साडेदहानंतर कर, तोवर माझी डब्यांची गडबड संपलेली असते.

पार्सल शनिवारी आणू. गायमुखाला रांग लागलेली असणारच, गाडीत बसून बाकीचं बोलू. आणि तो वॉचमन भला दिसतो, त्याच्यासाठी थोडा चिवडा घेऊन ये.